शहर बससेवेचा पूर्वेतिहास आणि सांगली-साताऱ्याचे उद्याचे वेळापत्रक

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या दरम्यान सुमारे दहा किलोमीटरचा रस्ता आहे. इतकी सार्वजनिक ठिकाणे एका ओळीत येण्याचे भाग्य महाराष्ट्रातील फार थोड्या रस्त्यांच्या वाट्यास आले असेल. सांगलीच्या बाजूस हळदीची बाजारपेठ, गणपती मंदिर आणि शासकीय रुग्णालय आहे. पुढे विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली स्थापन केलेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली निघालेले, आज वालचंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध असलेले अभियांत्रिकी महाविद्यालय लागते. त्यापुढे विजयनगर येथे जिल्हाधिकारी कार्यालय आहे, आणि रस्त्याच्या अखेरीस मिरज. येथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन रुग्णालय उभारले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि पुणे, कोल्हापूर, पंढरपूर व हुबळी या चारही बाजूंना जाणारे लोहमार्ग येथेच एकत्र येतात. विद्यार्थी, रुग्ण, पक्षकार, हमाल, कारकून आणि आगगाडीचे उतारू या सर्वांनाच दिवसातून केव्हा ना केव्हा या रस्त्यावर यावे लागते.

९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या ५ लाख २ हजारांहून अधिक होती. महानगरपालिकेच्या स्थापनेनंतर दोन तपे उलटली, तरी शहरी वाहतुकीचा भार मात्र प्रामुख्याने एस. टी.च्याच शिरावर राहिला. एस. टी.च्या शहरी फेऱ्या जसजशा उणावल्या, तसतशी त्यांची जागा वाटून घेण्याच्या रिक्षांनी आणि दुचाकींनी घेतली. ज्यास दुचाकी परवडत नाही, किंवा जी व्यक्ती ती चालवू शकत नाही, तिचा प्रश्न तसाच राहिला. शहर बस पुन्हा उभी करावयाची तर ती कोणी करावी, तिचा खर्च कोणत्या वहीत लिहावा आणि आसपासच्या ग्रामपंचायतींचा तिच्याशी संबंध काय, याचा विचार पूर्वीच्या अनुभवाच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

सर्व्हिस मोटारीपासून एस. टी.पर्यंत

आजचे सातारा व सांगली हे जिल्हे एकेकाळी एकाच प्रदेशाचे भाग होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. संस्थानी काळात येथील दळणवळण त्या त्या दरबाराच्या ऐपतीवर आणि हौसेवर अवलंबून असे. सांगली संस्थानाने १९०७ साली मिरज जंक्शनपर्यंत पाच मैलांची स्वतःची मीटरगेज शाखा बांधून घेतली. सांगली आणि मिरज यांना नियमित वेळापत्रकाने जोडण्याची गरज शंभर वर्षांपूर्वीच्या दरबारासही पटली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. साताऱ्याचे दैव याहून थोडे उणे होते. मीटरगेजच्या काळात ‘सातारा रोड’ हे नाव धारण करणारे स्थानक शहरापासून बरेच दूर, कोरेगावच्या बाजूस होते. तेथे उतरलेल्या उतारूस टांगा किंवा मोटार गाठल्यावाचून शहर दिसत नसे.

त्या काळातील खाजगी मोटारींना लोक ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत. बैठका भरल्याखेरीज गाडी सुटावयाची नाही, हा बहुतेक सर्वत्र त्यांचा अलिखित नियम होता. बाजाराच्या दिवशी त्या ओसंडून वाहत, आणि पावसाळ्यात अनेक मार्गांवर दिसेनाशा होत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा गाडीच्या पाठीमागे शेगडी बसवून कोळशाच्या गॅसवर इंजिन चालविण्याचे दिवस आले. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात युद्धापूर्वीच डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. त्याच मुलखातील उतारूंनी पुढे चढावर उतरून कोळशाची मोटार ढकलावी, हा योगायोग थोडा गमतीचाच म्हटला पाहिजे.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाने या कार्यास भक्कम कायदेशीर बैठक दिली. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर निरनिराळ्या विभागांतील सेवा एका महामंडळाखाली आल्या, आणि १९७४ पर्यंत राज्यातील प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण पूर्णत्वास गेले. गाडी भरो वा न भरो, ती वेळेवर सुटणार, हा विश्वास ग्रामीण महाराष्ट्रास एस. टी.ने प्रथम दिला. सातारा विभागात अकरा आणि सांगली विभागात दहा आगारे उभी राहिली. शिराळा, जत, आटपाडी, पाटण, मेढा, दहिवडी अशा दूरच्या ठिकाणीही आगार झाल्यामुळे पहाटेची पहिली गाडी गावाच्या जवळून सुटू लागली आणि मुक्कामाची गाडी गावात येऊ लागली.

या यशाच्या ओघात एक गोष्ट मात्र मागे पडली. शहरातील वाहतूक ही गावोगावच्या वाहतुकीचीच एक छोटी शाखा होय, असे गृहीत धरले गेले. ज्या शहरांना स्वतःची सेवा नव्हती, तेथे एस. टी.नेच शहरी फेऱ्या सुरू केल्या. नागपूर, नाशिक आणि औरंगाबाद यांसारख्या मोठ्या शहरांतही हा भार तिने वर्षानुवर्षे उचलला. सांगली-मिरज आणि सातारा त्याच मालिकेत येतात.

नगरपालिकांच्या बसगाड्या

शहर बसचा दुसरा इतिहास याच काळात अन्यत्र घडत होता. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी पहिली मोटारबस धावली, ती कंपनीची होती. ती कंपनी १९४७ साली महानगरपालिकेने ताब्यात घेतली. पुण्यात १९४१ साली सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खाजगी कंपनीने शहर बस सुरू केली. १९४८ साली तिचा कारभार थांबला, काही काळ राज्य परिवहनाने सेवा चालविली आणि १९५० साली पुणे महानगरपालिका स्थापन झाल्यावर पी. एम. टी. जन्मास आली. दोन्ही शहरांत प्रारंभ कंपनीने केला आणि सातत्य नगरसंस्थेने राखले. कंपनी चांगल्या मार्गांवर चांगली चालते, परंतु रात्रीची रिकामी फेरी किंवा वस्तीच्या टोकापर्यंतचा तोट्याचा मार्ग चालविण्याचे बंधन तिच्यावर कोणी घालावे, हा प्रश्न शेवटी लोकनियुक्त संस्थेपाशीच येऊन थांबतो.

सातारा-सांगलीच्या दृष्टीने मुंबई-पुण्यापेक्षा सोलापूर आणि कोल्हापूर यांची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. सोलापूरने १९४९ साली शहर बस सुरू केली; सोलापूरची महानगरपालिका झाली ती १९६४ साली. कोल्हापूरची के. एम. टी. १९६२ साली सुरू झाली. कोल्हापूरला महानगरपालिका १९७२ साली मिळाली. म्हणजे या दोन्ही शहरांनी बसचे धाडस केले ते नगरपालिका असतानाच. महानगरपालिका झाल्याखेरीज शहर बस शक्य नाही, असे साताऱ्यासारख्या शहरात अधूनमधून ऐकू येते. या दोन शहरांच्या तारखा त्यास उत्तर देण्यास पुरेशा आहेत. सोलापूर आणि कोल्हापूर येथील उपक्रमांना पुढे आर्थिक ओढाताण सोसावी लागली हेही खरेच, आणि तिची कारणे पाहिल्याशिवाय त्यांचे अनुकरण करणे शहाणपणाचे होणार नाही.

महानगरपालिकांच्या बाबतीत कायद्याची वाट पूर्वीपासून मोकळी आहे. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, जो आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्यात परिवहन उपक्रम, परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक आणि स्वतंत्र परिवहन निधी यांची तरतूद आहे. यांपैकी शेवटची तरतूद सर्वांत महत्त्वाची होय. बसचा पैसा रस्ते-गटारांच्या पैशात मिसळू नये, आणि बसचा तोटा कोणास न दिसता नाहीसाही होऊ नये, हा तिचा हेतू आहे.

शहरी फेरी तोट्यात का दिसते

एखाद्या आगारात सकाळी दहा गाड्या कमी पडल्या, असे समजू या. आगार व्यवस्थापकापुढे दोन याद्या आहेत. एकीत पुणे, मुंबई, कोल्हापूर येथे जाणाऱ्या गाड्या आहेत, दुसरीत शहरी फेऱ्या. लांब पल्ल्याच्या गाडीत एक प्रवासी शंभर-दोनशे किलोमीटरचे तिकीट काढतो, गाडी वेगाने जाते, थांबे थोडे असतात. शहरी फेरीत प्रवासी तीन थांब्यांनी उतरतो, निम्म्या प्रवाशांकडे पास असतो, दर पाचशे मीटरवर गाडी उभी राहते आणि डिझेल मात्र अधिक खर्च होते. त्या व्यवस्थापकाच्या कामाचे मोजमाप प्रति किलोमीटर उत्पन्न आणि भारमान यांवर होत असेल, तर तो कोणती फेरी रद्द करील हे सांगावयास नको. यात त्याचा दोष नाही. दोन भिन्न प्रकारची कामे एका वहीत लिहिली गेली, आणि वहीतील ज्या बाजूस तोटा दिसतो ती बाजू आक्रसत गेली, एवढेच.

२०२० मधील महामारी आणि ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप यांनी या प्रक्रियेस वेग दिला. एस. टी.चा ताफा जुना झाला आणि आटला. गाड्या अपुऱ्या असताना जिल्ह्याच्या टोकावरील गावाची एकमेव गाडी चालवावी की शहरातील दहावी फेरी, अशी निवड करण्याची वेळ आली, तर गावाच्या बाजूने कौल देणे न्याय्यच आहे. मात्र शहरी प्रवाशाची सोय पाहणारी कोणीतरी दुसरी संस्था असली पाहिजे, हा त्याचाच अर्थ होतो.

एका रस्त्याचा हिशेब

शहर बसविषयीच्या चर्चा बहुधा किती गाड्या घ्याव्यात येथून सुरू होतात. खरे पाहता आरंभ वेळेपासून करावयास हवा. सांगली बसस्थानक ते मिरज हे अंतर दहा किलोमीटर धरले आणि थांब्यांसह सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर जाऊन-येऊन ८० मिनिटे लागतात. दोन्ही टोकांस पाच-पाच मिनिटांची विश्रांती दिली, की एक पूर्ण फेरी ९० मिनिटांची होते. दर १५ मिनिटांनी बस हवी असेल तर या मार्गावर सहा गाड्या पुरतात. दर १० मिनिटांनी हवी असेल तर नऊ. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत १६ तासांत प्रत्येक गाडी दहा पूर्ण फेऱ्या, म्हणजे २०० किलोमीटर धावते.

आता याच रस्त्यावर कडेला वाहने उभी राहू लागली, विक्रेत्यांचे गाडे पुढे सरकले आणि सरासरी वेग १५ वरून १२ किलोमीटरवर आला असे धरू. फेरी ११० मिनिटांची होते. सहा गाड्यांत १५ मिनिटांचे अंतर राखता येत नाही, ते १८ मिनिटांच्या पुढे जाते. एका गाडीच्या दहा फेऱ्यांच्या आठच होतात. गाड्या तितक्याच, चालक-वाहकांचे वेतन तितकेच, तरीही उत्पन्नाचा पाचवा हिस्सा नाहीसा होतो. थांब्यासमोरील वीस मीटर जागा मोकळी ठेवणे हे वाहतूक पोलीस आणि महानगरपालिकेच्या अतिक्रमण विभागाचे काम आहे; परंतु त्याचा जमाखर्च बसच्या वहीत उमटतो. जुन्या परिवहन उपक्रमांच्या तोट्याची चर्चा करताना कर्मचारीसंख्या आणि डिझेलचा दर यांचा उल्लेख नेहमी होतो. त्या मानाने वेगाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

आता तुटीचा प्रश्न. केवळ उदाहरणादाखल असे मानू की एक किलोमीटर बस चालविण्यास ६० रुपये खर्च येतो आणि तिकिटे व पास मिळून ४५ रुपये वसूल होतात. पन्नास गाड्या प्रत्येकी २०० किलोमीटर धावल्या, तर दिवसाची तूट दीड लाख रुपये आणि वर्षाची सुमारे साडेपाच कोटी रुपये होते. ही रक्कम मोठी वाटेल. पाच लाख लोकसंख्येत ती वाटली तर दर माणशी वर्षाला ११० रुपयांच्या आसपास पडते. हा पैसा खर्च करावा की नाही, हे सभागृहाने ठरवावयाचे आहे. तो अर्थसंकल्पात बसच्या नावाने, आरंभीच, उघडपणे लिहिला गेला पाहिजे. वर्षअखेरीस ‘तोटा’ म्हणून उघडकीस येणारी रक्कम आणि वर्षारंभी ‘सेवेचे मूल्य’ म्हणून मंजूर झालेली रक्कम आकड्याने सारखीच असली, तरी पहिलीमुळे फेऱ्या बंद पडतात आणि दुसरीमुळे त्या चालू राहतात.

नाशिक महानगरपालिकेने हाच मार्ग पत्करला. तेथे स्वतंत्र परिवहन महामंडळ कंपनी स्थापन करण्यात आली, आणि ८ जुलै २०२१ पासून ‘सिटीलिंक’ बससेवा सुरू झाली. गाड्या ठेकेदारांच्या, मार्ग व वेळापत्रक महानगरपालिकेच्या कंपनीचे आणि मोबदला धावलेल्या किलोमीटरवर, अशी तिची रचना आहे. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेचीही दिशा तीच आहे. १६९ शहरांत खाजगी भागीदारीतून १०,००० विद्युत बसगाड्या आणण्याची ही योजना असून, ३ लाखांहून अधिक लोकसंख्येची शहरे तिच्या कक्षेत येतात. संघटित बससेवा नसलेल्या शहरांना तीत प्राधान्य आहे, आणि गाड्या चालविण्यासाठी दहा वर्षे साहाय्य देण्याची तरतूद आहे. लोकसंख्येच्या निकषात सांगली बसते, सातारा बसत नाही. दोन्ही शहरांचा विचार वेगवेगळा करणे त्यामुळे भागच आहे.

सांगली-मिरज-कुपवाड : कल्पनेतील एक दिवस

महानगरपालिकेचा परिवहन उपक्रम सुरू झाला आहे, अशी कल्पना करू या. पहाटे पावणेसहाला पहिली गाडी मिरजेच्या आगारातून बाहेर पडते. आगार मिरजेच्या बाजूस असण्यास कारण आहे. कृष्णेचे पाणी २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी सांगलीत शिरले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर चढले. विद्युत बसचे आगार म्हणजे केवळ मोकळे पटांगण नव्हे. तेथे विद्युत उपकेंद्र, रोहित्र आणि भारणयंत्रे असतात. ती पुराच्या रेषेच्या वरच हवीत. पुराच्या दिवसांत माणसे व सामान हलविण्यासाठी ज्या गाड्या लागणार, त्याच गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या तर उपयोग काय?

सहा वाजता रात्रपाळी संपवून निघालेल्या परिचारिकेस मिरजेत गाडी मिळते. साडेसहाला कुपवाड औद्योगिक वसाहतीकडे जाणारी गाडी कामगारांना घेऊन निघते. तिची वेळ कारखान्यांच्या पाळ्यांशी जुळवून घेतलेली आहे. साडेनऊनंतर विजयनगरकडे गर्दी वळते. गावाहून सात-बाराच्या तक्रारीसाठी आलेल्या वृद्ध शेतकऱ्यास सांगली बसस्थानकावर उतरल्यावर पुढची गाडी कोठे लागते हे विचारावे लागत नाही, कारण फलकावर मार्गक्रमांक आणि वेळ लिहिली आहे. रात्री मिरज स्थानकावर उतरलेले कर्नाटकातील रुग्णाचे नातेवाईक शेवटच्या गाडीने सांगलीच्या शासकीय रुग्णालयापर्यंत पोहोचतात. या गाडीत कदाचित सातच प्रवासी असतील. उपक्रमाच्या नियमांत ती फेरी ‘रद्द न करावयाची फेरी’ म्हणून नोंदलेली असावी.

महानगरपालिकेची हद्द जेथे संपते तेथे प्रवास संपत नाही. माधवनगर, बुधगाव, हरिपूर या गावांचा शहराशी रोजचा व्यवहार आहे. येथे शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी एका बाबीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी.चा मोफत पास मिळतो. इतर विद्यार्थ्यांनाही एस. टी.च्या पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. या सवलतींची प्रतिपूर्ती शासन एस. टी.ला करते. उद्या बुधगाव किंवा हरिपूरच्या मार्गावर महानगरपालिकेची नवी बस आली आणि ‘आता दुसरी सोय झाली’ म्हणून एस. टी.ची फेरी काढून घेतली गेली, तर तोच पास नव्या बसमध्ये आपोआप चालणार नाही. नवी, स्वच्छ, वातानुकूलित गाडी दारात उभी आहे आणि आठवीतील मुलगी मात्र तिकिटाच्या पैशाअभावी घरी राहिली, असे घडू शकेल. पूर्वीच्या काळी मुलींच्या शाळेचा प्रश्न गाडी नाही म्हणून अडे. तो आता गाडी आली म्हणून अडावा, हे कोणासही नको असेल. म्हणून नवा मार्ग सुरू करण्यापूर्वी पासाची व्यवस्था लेखी ठरली पाहिजे. तसे होईपर्यंत एस. टी.ची शाळेच्या वेळेची फेरी हलवू नये, असा ठराव संबंधित ग्रामसभांनी करून ठेवणे श्रेयस्कर होईल. शाळेची भरण्याची व सुटण्याची वेळ आणि प्रत्येक गावाहून येणाऱ्या मुलामुलींची संख्या मुख्याध्यापकांनी दरवर्षी जूनमध्ये आगारास कळविली, तर वेळापत्रक आखणाऱ्यास अंदाजावर विसंबावे लागणार नाही. थांब्यावरील निवारा आणि दिवा यांची देखभाल ग्रामपंचायत अधिक चांगली करू शकते. दूरच्या कार्यालयास तेथील फुटलेला दिवा सहा महिने दिसत नाही.

सातारा : चढावरचे शहर

सातारा शहराची २०११ मधील लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या आसपास होती. २०२० साली हद्दवाढ होऊन शाहूपुरीसारखी उपनगरे नगरपरिषदेत आली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतारावर वसलेल्या या शहराचे रस्ते अरुंद आणि चढाचे आहेत. येथे बारा मीटर लांबीची गाडी उपयोगाची नाही. पंचवीस-तीस आसनांची लहान गाडीच चालेल. पन्नास गाड्यांचा ताफा, स्वतंत्र आगार आणि स्वतंत्र अधिकारीवर्ग यांचा भार नगरपरिषदेने उचलावा, असे सुचविणे व्यवहार्य नाही.

शिवाय साताऱ्यास त्याची गरजही नाही. एस. टी.चे विभागीय कार्यालय, कार्यशाळा, आगार आणि प्रशिक्षित चालक शहरातच आहेत. नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि लगतच्या ग्रामपंचायती यांनी एकत्र येऊन एस. टी.कडून ठरावीक फेऱ्या ठरावीक दराने विकत घ्याव्यात, हा मार्ग येथे अधिक सोयीचा आहे. राजवाडा ते पोवई नाका, बसस्थानक आणि माहुलीचे रेल्वे स्थानक हा एक मार्ग. राजवाडा ते गोडोली आणि औद्योगिक वसाहत हा दुसरा. या दोन मार्गांपासून आरंभ करता येईल. करारात फेऱ्यांच्या वेळा असाव्यात, किलोमीटरचा दर असावा, आणि तिकिटांचे उत्पन्न वजा जाता उरणारी तूट कोणी किती सोसावी याचे प्रमाण असावे. फेरी झाली तर पैसे, रद्द झाली तर कपात, ही अट दोन्ही बाजूंना हिताची आहे. अशा करारामुळे आगार व्यवस्थापकाच्या यादीत शहरी फेरी ही कमी उत्पन्नाची फेरी न राहता हमखास उत्पन्नाची फेरी होते, आणि गाड्या कमी पडलेल्या दिवशी ती सहजासहजी रद्द होत नाही. भागीदार संस्थांची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावी आणि तीत झालेल्या व रद्द झालेल्या फेऱ्यांचा तक्ता ठेवला जावा. तोच तक्ता बसस्थानकाच्या फलकावरही लावावा. पंचायत सदस्यास प्रश्न विचारण्यासाठी एवढा कागद पुरेसा असतो.

माहुलीच्या स्थानकाचा उल्लेख येथे थोडा विस्ताराने करावयास हवा. शहरापासून पाच-सहा किलोमीटर दूर असलेल्या या स्थानकावर दिवसाच्या गाडीने उतरणाऱ्याची फारशी अडचण होत नाही. प्रश्न येतो तो रात्रीच्या गाडीने, लहान मुले व सामान घेऊन उतरलेल्या कुटुंबाचा. रिक्षावाल्याने मागितलेले भाडे देणे किंवा फलाटावर उजाडण्याची वाट पाहणे, याखेरीज तिसरा उपाय त्यांच्यापाशी नसतो. या गाडीसाठी एक बस ठेवावयाची तर ती केवळ घड्याळावर ठेवून चालणार नाही, कारण आगगाडी उशिरा येते आणि बस वेळेवर निघून जाते. स्थानकाधीक्षकांनी गाडीच्या विलंबाची माहिती बसस्थानकावरील वाहतूक नियंत्रकास दूरध्वनीने कळवावी, आणि बसने जास्तीत जास्त किती वेळ थांबावे हे करारातच नमूद असावे. प्रारंभी वीस मिनिटे ठेवण्यास हरकत नाही. मात्र थांबलेल्या त्या वीस मिनिटांत गाडी एकही किलोमीटर धावत नाही आणि चालक-वाहकांची पाळी चालूच असते. दर किलोमीटरवर बेतलेल्या करारात या वेळेचा मोबदला वेगळा लिहिला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात ही फेरी बंद पडेल.